कौसाबाई आणि किल्ल्यांचा जुडगा

माझ्या सासूबाईंचं नाव कौसाबाई. मी त्यांना आत्या म्हणायचे आणि त्या मला, लग्नानंतरची चार वर्षं तरी, चोर समजायच्या. यात वाईट वाटून घ्यावं असं काही नव्हतं, कारण त्या सगळ्यांनाच चोर समजायच्या. दूधवाला पाणी घालतो, वाणी काटा मारतो, रॉकेलवाला माप ठेचून आणतो आणि सून माहेरी डाळ पोचवते. माझं माहेर कर्जतला. तिथे एवढी डाळ नेऊन मी काय करणार होते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहायचो, नदीच्या अंगाला, चाळीतल्या दोन खोल्यांत. माझा नवरा जयदेव अंबरनाथला केमिकल कंपनीत होता आणि नणंद शालन उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये शिलाईच्या कारखान्यात. आत्यांच्या तोंडी कायम एक शब्द असायचा, डुप्लिकेट. उल्हासनगर शेजारी असलं की हा शब्द पाळण्यातल्या पोरालाही येतो. मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा आमच्याकडे इतकी शिळी की तिला कोणी हसतही नसे. आत्या मात्र तिला थट्टा समजत नसत. साडी घेतली की पदराचा एक धागा ओढून काडीने जाळून बघायच्या. हळद तळहातावर चोळायच्या. अंगाच्या साबणाची वडीसुद्धा दाताने जराशी खरवडून, थुंकून, मग "बरा हाय" म्हणायच्या.

सगळ्यात मोठा संशय शिजवलेल्या अन्नावर. त्याला कारण होतं. माझे सासरे भीमराव एका लग्नात जेवून आले, त्यांना हगवण लागली आणि त्यातच ते गेले. शालन तेव्हा रांगत होती. तेव्हापासून आत्यांनी परक्या हातचं तोंडात घेतलं नाही आणि पोरांनाही घेऊ दिलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आत्या पाणीही फुंकून प्यायच्या. त्या परक्यांत मीही आले. मी भांडी घासायची, पाणी भरायचं, भाजी चिरायची, तीही त्यांच्या डोळ्यांसमोर. स्टोव्हला हात लावायचा नाही. माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, नशीबवान आहेस. मला तसं वाटत नव्हतं. मला राग यायचा आणि तो मी भांड्यांवर काढायचे.

औषधाचंही तेच. नव्वद साली आत्यांना मुदतीचा ताप आला, म्हणजे टायफॉइड. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. आत्या प्रत्येक कॅप्सूल उघडायच्या, आतली पूड जिभेला लावायच्या, कडू लागली की समाधानाने पुन्हा बंद करून गिळायच्या. ताप उतरला त्या दिवशी औषध बंद. डॉक्टर जास्तीच्याच लिहून देतात, त्यांचा धंदा असतो, हे त्यांचं ठाम मत. उरलेल्या कॅप्सूल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेल्या. त्या डब्यात कधीच्या कधीच्या गोळ्या होत्या. पोट बिघडलं की त्यातली एक, घसा धरला की दुसरी अर्धी, असं त्यांचं स्वतःपुरतं चालायचं. चाळीत कोणी मागितली तर देत नसत, कारण मागणारा पुढे विकेल.

घरात त्यांचा ज्याच्यावर संशय नव्हता असं एकच माणूस होतं, शालन. वीस वर्षांची, हसरी, आईच्या हातचं सगळं आवडणारी. कारखान्यातल्या मुली बाहेर वडापाव खायच्या तेव्हा ही डबा उघडून बसायची. आत्यांचा जीव तिच्यात होता, आणि खरं सांगायचं तर माझाही थोडा होता. सासूची बोलणी खाल्ल्यावर मला हसवायची तीच.

एक्क्याण्णवचा पावसाळा सरत आला तेव्हा शालनला ताप भरला. कॅम्पातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि टायफॉइड सांगितला. आत्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बाहेर काय खाल्लंस, हा. शालन म्हणाली, तुझ्या डब्याशिवाय काही नाही. आत्यांना ते पटलं नाही. शालन खोटं बोलते असं नाही, तर कोणीतरी तिला फसवून खायला घातलं असणार.

डॉक्टरांनी क्लोराम्फेनिकॉल लिहून दिलं. नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून आम्ही नुसतं टायफॉइडची कॅप्सूल म्हणायचो. हे औषध म्हणजे टायफॉइडवरचा हुकमी एक्का, चार-पाच दिवसांत ताप उतरलाच पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. कॅम्प दोनमध्येच टेकचंदचं मेडिकल होतं, तिथून ती आणली. ताप उतरला नाही. आणखी काही दिवस गेले, तरी संध्याकाळ झाली की शालनचं अंग तव्यासारखं तापायचं.

मग आत्या मला घेऊन टेकचंदच्या दुकानात गेल्या. टेकचंद म्हणजे साठीचा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा शांत माणूस. आत्यांनी त्याच्या काउंटरवर एकेक कॅप्सूल फोडली, पूड चाखली आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हा पीठ भरून विकतो. टेकचंद म्हणाला, "माई, माझ्याकडे डुप्लिकेट निघाला तर मी दुकान बंद करतो. ये कंपनीचा माल आहे, मी माझ्या घरात पण हाच देतो." आत्या म्हणाल्या, चोर कधी चोरी कबूल करतो का. आणि पूड तर कडू होती, हे मी त्यांच्या कानात सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की कडू करायला काय लागतं, निंबाचा पाला. गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली. पुढे कारखान्यातल्या बायकांनी त्याच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं, ते आमच्याच बोलण्यामुळे.

जयदेवला त्यांनी मुंबईला पिटाळलं. औषधाच्या घाऊक बाजारातून तीच कॅप्सूल, पण अस्सल, आणायची. ती आली. ताप तसाच. आत्यांनी डोकं लढवलं आणि निकाल दिला की मुंबईला माल उल्हासनगरातूनच जातो. दुसऱ्यांदा जयदेव दादरला गेला. तीच कॅप्सूल, तिसऱ्या दुकानातून. डॉक्टरांनी मग कॅप्सूल बदलून दुसरं औषध दिलं, ते लागू पडेना म्हणून त्यासोबत तिसरं. आत्यांच्या हिशेबी आता सगळी बाजारपेठच डुप्लिकेट झाली होती. मी एकदा म्हटलं, औषध खोटं नसेल, रोगच वेगळा असेल. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू टेकचंदने मला हप्ता दिला असावा.

आणि शालन वाळत चालली होती. तिचे केस उशीला राहायचे. ती हसायची बंद झाली, मग नीट बोलायचीही बंद झाली. तापात ती शिलाईच्या मशीनशी भांडायची. एका सकाळी तिला डांबरासारखं काळं शौचाला झालं. डॉक्टरांनी ऐकलं मात्र, त्यांचा चेहराच बदलला. आतड्याला जखमा होतात या तापात, त्या फुटल्या तर हातात काही राहणार नाही, असं सांगून त्यांनी तिला उल्हासनगरातल्या एका छोट्या दवाखान्यात ठेवलं. तिथल्या लॅबमध्ये सबनीस डॉक्टरबाई होत्या. त्यांनी रक्त घेतलं आणि सांगितलं की यातले जंतू वाढवून कुठल्या औषधाने मरतात ते बघू. त्याला काही दिवस लागतील. ते दिवस आत्या शालनच्या खाटेखाली पथारी टाकून होत्या. सलाइनची बाटलीसुद्धा उजेडात धरून बघायच्या.

निकाल आला तेव्हा सबनीसबाईंनी आम्हा दोघींना लॅबमध्ये बोलावलं. त्यांच्या कानावर टेकचंदच्या दुकानातला तमाशा आलेला होता. त्यांनी झाकणाची एक काचेची बशी पुढे ठेवली. आत खरवसासारखा थर, त्यावर पांढुरकी साय धरल्यासारखी, आणि त्यात कागदाच्या बारीक गोल चकत्या, कपाळावरच्या टिकल्यांएवढ्या. ही साय म्हणजे शालनच्या रक्तातले जंतू, असं बाईंनी सांगितलं. प्रत्येक टिकलीत एकेक औषध. औषध चाललं तर टिकलीभोवती जंतू मरून गोल स्वच्छ जागा पडते. तीन टिकल्यांना साय अगदी चिकटून वाढली होती. ती तिन्ही औषधं आम्ही महिनाभर शालनच्या पोटात घालत होतो. चौथ्या टिकलीभोवती मात्र रुपयाएवढी जागा लख्ख होती.

आत्यांनी बशीवर वाकून पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ह्या टिकल्या डुप्लिकेट नाईत कशावरनं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सबनीसबाई मात्र रागावल्या नाहीत. ही शंका आम्हालाही रोज येते म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरी बशी काढली. तिच्यात लॅबमध्ये मुद्दाम सांभाळलेले, सगळ्या औषधांना मरणारे जंतू होते. टिकल्या त्याच डबीतल्या. इथे प्रत्येक टिकलीभोवती मोठ्ठं स्वच्छ वर्तुळ. आत्यांनी दोन्ही बशा शेजारी ठेवून घेतल्या आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. टिकल्या खऱ्या होत्या. म्हणजे औषध खरं होतं. म्हणजे टेकचंद खरा होता. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक उतरताना मी बघितलं.

"मंग खोटं काय?" त्यांनी विचारलं.

सबनीसबाईंनी सांगितलं ते असं. या जंतूंच्या अंगात एक बारीक कडं असतं, त्याला प्लास्मिड म्हणतात. औषध निकामी करायच्या युक्त्या त्या कड्यावर असतात. एक जंतू दुसऱ्याला जाऊन चिकटतो, आपल्या कड्याची नक्कल काढतो आणि त्याला देतो. स्वतःचं कडं स्वतःजवळ राहतंच. घेणारा पुढे तिसऱ्याला देतो. तिन्ही औषधांच्या युक्त्या एकाच कड्यावर असल्या, तर तिन्ही एकदम मिळतात.

"म्हंजे किल्ल्यांचा जुडगा," आत्या म्हणाल्या. "आन् त्याच्यावरनं दुसरा पाडायचा."

तसंच, असं बाई म्हणाल्या. आत्यांनी विचारलं, देणारा घेणारा एकाच जातीचा लागतो का. बाई म्हणाल्या, अजिबात नाही, पोटात राहणारा साधा गरीब जंतू टायफॉइडच्या जंतूला खुशाल देतो, तिथे जातबित कोणी बघत नाही. हे ऐकून आत्यांना जंतूंबद्दल क्षणभर आदर वाटला असावा. मग त्यांनी आपल्या मनातला खरा प्रश्न विचारला. शालनने जन्मात अशी कॅप्सूल खाल्ली नव्हती, मग तिच्यातल्या जंतूने हा जुडगा कशाला पाडून घेतला? बाई म्हणाल्या, तिने खायची गरजच नाही. जंतू तिच्याकडे आला तोच जुडगा घेऊन. तो त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी पोटात मिळाला.

"कोणाच्या?"

ते सांगता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. आत्या उठल्या, पण तो प्रश्न त्यांनी पदराला बांधून घेतला.

चौथ्या टिकलीतलं औषध त्या वेळी नवीनच आलं होतं, सिप्रो म्हणायचे त्याला. ते आणायला आत्या स्वतः टेकचंदकडे गेल्या. मी मागे उभी. माफी वगैरे त्यांच्या शब्दकोशात नव्हती. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. टेकचंदने गोळ्या काढून दिल्या आणि विचारलं, तोडून बघणार का. आत्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि त्याच्यासमोर गोळ्या न उघडता पिशवीत टाकल्या. टेकचंदला एवढं पुरलं असावं, कारण त्याने शालनची चौकशी केली आणि आत्यांनी चक्क उत्तर दिलं.

आठवडा व्हायच्या आत शालनचा ताप उतरला. तिने पहिल्यांदा पेज मागितली तेव्हा आत्या दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन रडल्या. मला त्यांनी तिथे थांबू दिलं.

तेवढ्यात सबनीसबाईंनी सांगितलं की घरातल्या सगळ्यांचं शौच तपासायला द्या. टायफॉइड होऊन गेलेल्या एखाद्याच्या पित्ताच्या पिशवीत जंतू दडून राहतात, त्या माणसाला काही त्रास होत नाही, पण त्याच्या हातून अन्नात जातात. हे ऐकल्यावर आत्यांचे डोळे असे चमकले की मी समजले, चौकशी पुन्हा सुरू झाली. कारखान्यातल्या मुली झाल्या, शेजारच्या बनूबाई झाल्या, आणि शेवटी त्या बाईंना म्हणाल्या, "आधी हिचं बघा." ही म्हणजे मी. त्यांच्या घरात मी एक फोडणी घातलेली नव्हती, तरी मीच. त्या दिवशी मी जयदेवला सांगितलं की माझं काही निघालं नाही तर मी कर्जतला निघून जाईन, आणि डाळ घेऊन जाईन.

निकालासाठी बाईंनी मला एकटीलाच बोलावलं. माझं काही नव्हतं, जयदेवचं नव्हतं. आत्यांचं होतं. तेच जंतू आणि तीच तीन औषधं न चालणारी. त्या मधूनमधून काही गोळ्या घेतात का, असं बाईंनी विचारलं आणि मी पत्र्याच्या डब्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, असंच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण अर्धीमुर्धी औषधं घेत राहिलं की पोटातले साधे जंतू मरतात आणि जुडगेवाले उरतात. तिथेच जुन्या तापाचे जंतू येऊन जाऊन असले तर गाठ पडायला किती वेळ. मग म्हणाल्या, सांभाळून सांगा.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. बदलापूरपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत आले, एकाहून एक झोंबणारी. घरी आले तर आत्या भाकरीचं पीठ मळत होत्या. शालनला दुसऱ्या दिवशी घरी आणायचं होतं, तिच्यासाठी आधीपासून काय काय करून ठेवायचं ते त्या स्वतःशीच मोजत होत्या. मला बघून त्यांनी विचारलं, "कोण निघालं? तू?"

मी नाही म्हटलं.

"जयदेव?"

"नाही."

"मंग बनूबाईच. मी म्हणलंच व्हतं, ती डब्याला हात लावती."

"आत्या," मी म्हटलं, आणि माझ्या सगळ्या वाक्यांतलं एकही मला आठवेना. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परातीत बघितलं, आपल्या पिठाच्या हातांकडे. माणसाच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"माझ्या हातचं खाऊन?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी परात उचलली, बाहेर नेऊन सगळं पीठ उकिरड्यावर ओतलं आणि मोरीवर बसून हात धुऊ लागल्या. साबण लावला, धुतले, पुन्हा लावला. मी जाऊन त्यांच्या हातातून साबण काढून घेतला. माझा राग कुठे गेला होता मला माहीत नाही. मला त्यांची फार कीव आली.

"शालनला सांगू नगं, कुंदे," त्या म्हणाल्या. "तिचा माझ्यावर लय इस्वास हाय."

त्या संध्याकाळची भाकरी मी केली. जाड झाली, एका बाजूने करपली. त्यांनी खाल्ली.

आत्यांनी पुढे पूर्ण औषध घेतलं, एकही गोळी न फोडता, शेवटच्या गोळीपर्यंत. पत्र्याचा डबा त्यांनी स्वतः रिकामा केला. सबनीसबाईंनी त्यांना पुन्हा पुन्हा तपासलं आणि सांगितलं की आता काही नाही, साबणाने हात धुवा आणि खुशाल स्वयंपाक करा. आत्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. तपासणीच चुकली नसेल कशावरून, म्हणाल्या. साऱ्या जगावरचा त्यांचा संशय आता एकाच माणसावर येऊन बसला होता, आणि त्याला त्या सोडायला तयार नव्हत्या. मी समजावलं, चिडलेही. त्या पाणी भरायच्या, भांडी घासायच्या, भाजी मात्र मीच चिरायची. स्टोव्हकडे त्या फिरकल्या नाहीत.

चाळीत याचा व्हायचा तोच अर्थ झाला. सुनेने म्हातारीला चुलीवरून उठवलं, असं बनूबाई नळावर सांगायच्या. मी ऐकून घ्यायचे.

शालनचं लग्न झालं, शिरगावला दिली. चांगलं घर मिळालं, मुलगी झाली. शहाण्णवच्या मे महिन्यात ती आली तेव्हा तिला आईच्या हातची सुकटीची चटणी हवी होती. आत्या म्हणाल्या, वहिनी करेल. मी केली. शालनने ती ताटात एका कडेला सारली आणि माझ्याकडे वळली.

"वहिनी, ती दारात पाट टाकून बसते पाहुणीसारखी, आणि तू वाढतेस. एक दिवस तिला करू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? हे घर तिचं आहे."

"आत्यांना आता होत नाही गं," मी म्हटलं.

"होत नाही, का तू होऊ देत नाहीस? आजारातून मी उठले तेव्हापासून बघते मी. मला कळत नाही असं समजू नकोस."

आत्यांचा घास हातातच राहिला होता. त्यांनी तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि जेवा म्हटलं.

शालन राहायला आली होती, पण संध्याकाळीच मुलीला घेऊन परत गेली. जाताना आईला पोटाशी धरलं, माझ्याशी बोलली नाही. ती गेल्यावर आत्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, उद्या शिरगावला जाऊन सांगते तिला सगळं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत आणि मीही त्यांना आठवण केली नाही.